बाद काचेचे पैसे कोण भरतो?

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

जळगावचे एक आणि धुळ्याची दोन, अशा तीन दुकानांतून तुला बोलावणे आले असून त्यांपैकी कुठे रुजू व्हावे, असे तू विचारले आहेस. पगाराचे आकडे तू सविस्तर कळवलेस, परंतु ज्या एका प्रश्नाच्या उत्तरावरून मी चष्म्याचे दुकान पारखतो, तो तू तिघांपैकी कोणालाही विचारलेला दिसत नाही. काच चुकीची बनून आली किंवा फिटिंग करताना तिचा टवका उडाला, तर ते पैसे कोण भरतो?

आपल्या धंद्यात काही काचा बाद होणारच. अ‍ॅक्सिस (तिरक्या नंबरचा कोन) फिरतो, रिमलेसच्या, म्हणजे बिनकडेच्या चष्म्याच्या काचेला भोक पाडताना तडा जातो, गिऱ्हाइकाची दहा वर्षे वापरलेली फ्रेम गरम करताच हातात तुटते. सरळ मालक हा खर्च धंद्यात धरतो आणि चूक कशी झाली ते तुझ्याशेजारी उभा राहून पाहतो. जिथे प्रत्येक बाद काच कामगाराच्या पगारातून कापली जाते, तिथे मात्र कामगार दोनच महिन्यांत एक वाईट धडा शिकतो : चुकलेला चष्मा नव्याने बनवण्यापेक्षा तो गिऱ्हाइकाच्या हाती देऊन ‘नवा नंबर आहे, आठवडाभरात सवय होईल’ असे सांगणे स्वस्त पडते. हे वाक्य कधीकधी खरेही असते, म्हणूनच त्याच्या आड वाटेल ते लपते. सहा नंबरच्या काचेचा मध्य बुबुळापासून तीन मिलिमीटर सरकला, तर १.८ प्रिझम डायॉप्टरचा (काच प्रकाश किती बाजूला वळवते त्याचे हे माप) दोष निर्माण होतो, आणि डोके दुखण्यापलीकडे त्याचा पत्ता गिऱ्हाइकाला लागत नाही. यावल किंवा साक्री तालुक्यातून एक दिवसाची मजुरी बुडवून आलेला माणूस तक्रार करायला दुसरा दिवस बुडवीत नाही. तो चष्मा कपाटात ठेवून देतो, आणि दुकानाचा हिशेब बिनचूक राहतो. कामगाराच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झाले तरच, आणि तेही त्याचे म्हणणे ऐकून घेतल्यावरच, पगारातून कपात करता येते, असे कायदा सांगतो. सरसकट दंड लावणाऱ्या मालकाला हे ठाऊक नसते किंवा ठाऊक असून त्याची फिकीर नसते. दोन्ही प्रकार तुझ्या दृष्टीने सारखेच.

हा प्रश्न विचारण्याआधी एकदा गिऱ्हाईक म्हणून त्या दुकानात जा. दोन्ही डोळ्यांचे नाकाच्या मध्यापासूनचे अंतर वेगवेगळे मोजतात का, प्रोग्रेसिव्ह (दूरचे व जवळचे एकाच काचेतून दाखवणाऱ्या) काचेसाठी फ्रेम आधी नाकावर नीट बसवून मगच उंचीची खूण करतात का, आणि तयार चष्मा देण्यापूर्वी तो लेन्सोमीटरवर (काचेचा नंबर मोजण्याच्या यंत्रावर) पाहतात का, एवढे बघ. लेन्सोमीटरवर धूळ असेल तर फार विचार करू नकोस. जमल्यास कटिंग-फिटिंगची मागची खोलीही पाहून घे. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. पुढे काचेच्या दाराआड गारवा आणि मागे पत्र्याखाली एजरवर (काच घासून आकार देणाऱ्या यंत्रावर) बसलेला मुलगा पंख्याविना, असे दृश्य दिसले तर त्या मालकाबद्दल आणखी चौकशी करायची फारशी गरज उरत नाही.

तरीही चौकशी करायचीच असेल, तर ती काउंटरवरच्या माणसापाशी करू नये. लेन्सच्या लॅबमधून रोज काचा पोहोचवणारा मुलगा बाजारातली सगळी दुकाने आतून ओळखतो. कोणाचे पैसे अडकतात, कोणाकडे दर दिवाळीनंतर नवीन चेहरा दिसतो, स्वस्त काच कोण महागड्या कंपनीच्या पाकिटात घालून देतो, हे त्याला माहीत असते, आणि चहा घेता घेता तो सांगतोही.

कागदपत्रांबाबत थोडक्यात लिहितो. मूळ प्रमाणपत्रे कोणाकडेही ठेवायची नाहीत. ती दाखवून परत घ्यावीत आणि प्रती द्याव्यात. पगार बँकेत जमा झाला पाहिजे आणि नेमणूकपत्रात कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी व सोडण्याची मुदत लिहिलेली हवी. दहा किंवा अधिक कामगार असतील आणि पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल तर कर्मचारी राज्य विमा लागू होतो, आणि वीस कामगारांपासून भविष्यनिर्वाह निधी. पण आपल्याकडच्या बहुतेक दुकानांत तीन-चारच माणसे असतात, म्हणून नेमणूकपत्राचेच महत्त्व अधिक. मोठ्या साखळी दुकानात निधीची कपात होत असेल, तर ती खात्यात खरोखर भरली जाते का, हे पासबुकात दर तिमाहीला पाहत जा. नोकरी सोडल्यावर गावात इतरत्र काम करायचे नाही, अशी अट कोणी घातली, तर भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार ती सहसा टिकत नाही. मात्र प्रशिक्षणाच्या खर्चाचा बाँड ही वेगळी गोष्ट आहे, आणि तो वाचल्याशिवाय सही करू नये. दुकान रात्री किती वाजता बंद होते, हेही आधीच विचार. शेवटची एस.टी. चुकल्यावर घरी कसे जायचे, हा प्रश्न मालकाला पडत नाही.

आता अधिक गंभीर गोष्ट. काही मालकांना तुझ्या हातांपेक्षा तुझे प्रमाणपत्र हवे असते. ते भिंतीवर टांगायचे, कोऱ्या नंबरच्या चिठ्ठ्यांवर तुझ्या सह्या घेऊन ठेवायच्या आणि तपासणी भलत्यानेच करायची, अशी ही पद्धत आहे. कोऱ्या कागदावरची एक सहीसुद्धा देऊ नकोस, कारण बोट दाखवायची वेळ येईल तेव्हा ते तुझ्याकडेच वळेल. तशीच दुसरी खूण म्हणजे कॉम्प्युटरवर निघालेला आकडा तसाच काचेत उतरवण्याची घाई. शाळकरी मुलांचा नंबर डोळ्यांत बाहुली मोठी करणारे थेंब न टाकता ऑटोरिफ्रॅक्टरवर (नंबर काढणाऱ्या कॉम्प्युटर यंत्रावर) काढला तर तो अनेकदा उणे बाजूला जास्त येतो, आणि मधुमेह्याचा नंबर साखरेबरोबर हलतो. असे रुग्ण नेत्रतज्ज्ञाकडे पाठवल्याबद्दल तुला बोलणी खावी लागत असतील, तर त्या दुकानात तुझे शिक्षण वाया जाते आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी भरणाऱ्या मोफत शिबिरांनाही हीच कसोटी लाव. मोतीबिंदूची किती माणसे पुढे शस्त्रक्रियेसाठी पाठवली, याची वही त्यांच्याकडे असते का? अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात विनामूल्य होते; तरीही पिकलेल्या मोतीबिंदूवर चष्मा विकणारी शिबिरे मी पाहिली आहेत.

साखळी दुकानांत फसवणूक एवढी उघड नसते. तिथे महिन्याचे टार्गेट असते आणि प्रत्येक मुलाला ब्लू-कट (पडद्याचा निळा प्रकाश अडवणारी) काच लावा, असा आग्रह असतो. डोळ्यांच्या थकव्यावर या काचांचा अल्पकाळात विशेष उपयोग दिसत नाही, असा निष्कर्ष वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२३ मधील आढाव्यात निघाला आहे. विचारणाऱ्याला हे सांगण्याची मुभा मिळाली, तर टार्गेट असूनही ती नोकरी करण्याजोगी आहे, असे मी म्हणेन.

एक गैरसमज मात्र करून घेऊ नकोस. रागीट मालक आणि वाईट मालक एक नव्हेत. एका मिलिमीटरसाठी चष्मा तीनदा उलगडायला लावणारा, चारचौघांत खडसावणारा, पण रेटिनोस्कोप (डोळ्यात प्रकाश टाकून नंबर काढण्याचे हातातले उपकरण) तुझ्या हाती देऊन स्वतः बाजूला उभा राहणारा म्हातारा भेटला, तर दोन हजार रुपये कमी घेऊनही त्याच्याकडे एक वर्ष काढावे. गोड बोलून ‘तू घरचीच आहेस’ म्हणणाऱ्यापासून मी अधिक सावध राहीन, कारण घरच्या माणसाला पगाराची तारीख विचारता येत नाही.

धुळ्याच्या दोन्ही दुकानांत रविवार टाळून जा. गर्दीत कोणी नीट बोलत नाही. तिघांनाही बाद काचेचा प्रश्न एकाच शब्दांत विचार आणि उत्तर ऐकताना कामगारांच्या चेहऱ्याकडे लक्ष ठेव. नेमणूकपत्राचा मसुदा मिळाला की सही करण्यापूर्वी मला पाठव.

तुझा शुभेच्छुक,
सर