मिरजेच्या लॅबमधून स्वीडनला यायचं म्हणतेस तर

तू तीन गोष्टी विचारल्यास. मिरजेच्या हॉस्पिटल लॅबमध्ये दोन वर्षं कल्चर (पेशंटच्या नमुन्यातून वाढवलेले जंतू) बघून झाली, आता अँटिबायोटिक रेझिस्टन्समध्येच, म्हणजे जंतूंना औषध लागू न पडण्याच्या विषयातच पीएचडी करायची, तर जर्मनी की स्वीडन? सांगलीतला कन्सल्टंट म्हणतो आधी कर्ज काढून तिकडे मास्टर्स कर, ते करू का? आणि फ्रीजरमध्ये जपलेले क्लेबसिएला या जंतूचे स्ट्रेन (वाण) सोबत आणू का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण तो वाचून माझ्या हातातला चहा सांडायचा राहिला. नाही. एक व्हायलसुद्धा नाही. रोगजंतूंचं कल्चर प्रवाशाच्या बॅगेतून विमानात न्यायला बंदी आहे. शिवाय २००२ चा जैवविविधता कायदा आहे. त्यात सूक्ष्मजीवही येतात, आणि परदेशी संस्थेला संशोधनासाठी ते द्यायचे तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणापर्यंत कागद जातात. आणि मुळात ते स्ट्रेन पेशंटकडून आलेले, हॉस्पिटलने ठेवलेले. तुझे नव्हेत गं. पुढे गरज पडलीच तर दोन्हीकडच्या संस्था रीतसर करार करतील.

कर्जाचं उत्तर सोपं आहे. स्वीडनमध्ये पीएचडी ही नोकरी असते. जागेची जाहिरात निघते, अर्ज, मुलाखत, आणि निवड झाली की चार वर्षांच्या कामाचा पगार, फी नाही. जर्मनीतही बऱ्याच जागा पगारी असतात. हातात एमएस्सी असताना पुन्हा मास्टर्स कशाला? मीही एका कन्सल्टंटला अठरा हजार दिले होते. त्याने मला भलत्याच विषयाच्या कोर्सची फाइल करून दिली. ते पैसे हरिपूरच्या हळदीच्या पेवात गेले म्हणायचे, तेही पूर आलेल्या.

देशाचं म्हणशील तर, देश नको बघूस, गाइड बघ. आपल्या विषयात एक जण दिवसभर कॉम्प्युटरवर जीनोम चाळतो, दुसरा तोच जंतू औषधात वाढवत वाढवत त्याच्यात काय बदलतं ते बघतो. जाहिरातीत दोघंही 'रेझिस्टन्स'च लिहितात. त्यांचे गेल्या तीन वर्षांतले पेपर वाच आणि तिथून बाहेर पडलेल्या एखाद्या विद्यार्थ्याला मेल टाक. गाइड कसा आहे हे तोच सांगेल.

तुझी दोन वर्षं वाया गेलीत असं मात्र समजू नकोस. तुझ्या लॅबमध्ये भिंतीवर सीएलएसआयचा, म्हणजे अमेरिकन निकषांचा तक्ता असेल: औषधाच्या चकतीभोवती (डिस्क) जंतू न वाढलेली जागा, म्हणजे झोन, किती मिलिमीटरची असली की औषध लागू पडतं ते सांगणारा. इथे स्वीडनमध्ये युकास्ट, म्हणजे युरोपचे निकष चालतात. मिलिमीटर तेच, पण निकष वेगळे. युकास्टने २०१९ पासून रिपोर्टमधल्या 'आय' या अक्षराचा अर्थच बदलला: आता तो 'मधला' नाही, 'डोस वाढवला तर लागू पडेल' असा आहे. मुलाखतीत हा फरक सांगितलास तर समोरच्याला कळेल की तू झोन खरंच मोजलेत.

माझी पहिल्या आठवड्यातली फजिती ऐक. मुलर-हिंटनच्या प्लेटवर (जंतू वाढवायचं माध्यम) जंतूंचा स्वॅब फिरवला, तेवढ्यात आईचा फोन आला, डिस्क ठेवल्या अर्ध्या तासाने. टेक्निशियन बाईंनी काही न बोलता प्लेट उचलून कचऱ्यात टाकली. इथे पंधरा-पंधरा-पंधराचा नियम: सस्पेन्शन, म्हणजे जंतू मिसळलेला द्रव, पंधरा मिनिटांत वापरायचं, त्यानंतर पंधरा मिनिटांत डिस्क, त्यानंतर पंधरा मिनिटांत प्लेट इन्क्युबेटरमध्ये. डिस्क ठेवायला उशीर झाला की औषध पसरायच्या आधीच जंतू वाढायला लागतात, झोन लहान येतो आणि औषध चांगलं लागू पडत असतानाही आपण जंतूला 'रेझिस्टंट' म्हणून मोकळे होतो.

एनडीएम-१ चा, म्हणजे भारी अँटिबायोटिकही निकामी करणाऱ्या जंतूंच्या एन्झाइमचा, विषय निघेलच. २००८ मध्ये ते स्वीडनमधल्याच एका भारतीय वंशाच्या पेशंटच्या क्लेबसिएलात सापडला. आधी दिल्लीत उपचार झाले होते, म्हणून नावात न्यू दिल्ली. मला ते नाव अजून खटकतं, पण मुलाखतीत भांडू नकोस.

त्यापेक्षा मी माझ्या मुलाखतीत आटपाडीचं सांगितलं. माझ्या मामाची तिथे डाळिंबाची बाग. तेल्या आला की तो कॉपर ऑक्सिक्लोराइडमध्ये स्ट्रेप्टोसायक्लिनची पुडी मिसळून फवारायचा. तेल्या हा जिवाणूचाच रोग आणि पुडीत स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन ही अँटिबायोटिक. हे ऐकून पॅनेलवरचे तिघं पेनं खाली ठेवून बसले. कारण स्वीडनने जनावरांना वाढीसाठी अँटिबायोटिक द्यायला १९८६ मध्येच बंदी घातली. माझी मुलाखत तिथून पुढे गप्पांसारखी झाली. तुझ्याकडेही असं काही असेलच, ते शोध.

राहण्याबद्दल फार लिहीत नाही. आल्याबरोबर पर्सननुमर (इथला व्यक्तिगत ओळख क्रमांक) काढायला टाक, त्याच्याशिवाय बँकेत खातं उघडायला नाकी नऊ येतात, म्हणून सुरुवातीच्या दोन महिन्यांचा खर्च जवळ ठेव. डिसेंबरात उप्सालात पावणेतीनला सूर्य मावळतो. आणि भडंगाचा नुसता मसाला आण, चुरमुरे नको. माझ्या बॅगेत त्यांचा भुगा झाला होता.