'रन' या इंग्रजी शब्दाचे इतके अर्थ कसे, आणि ते लक्षात कसे ठेवायचे?

तुमचा प्रश्न असा आहे, की 'रन' म्हणजे धावणे हे लहानपणापासून माहीत असूनही 'द कॉन्ट्रॅक्ट रन्स टिल मार्च' या वाक्यापाशी तुम्ही अडलात. शब्दकोश उघडला तर अर्थांची रांगच लागलेली दिसली. आता ते सगळे पाठ करायचे का?

पाठ करू नका. करार मार्चपर्यंत आहे, एवढाच त्या वाक्याचा अर्थ. पण तिथे हा शब्द कुठून आला हे एकदा कळलं की पुढची कितीतरी वाक्यं स्वतःहून सुटतील, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी आकड्याची भीती घालवू या. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची १९८९ साली निघालेली दुसरी आवृत्ती वीस खंडांची आहे. तिच्यात सर्वांत लांब नोंद होती 'सेट' या क्रियापदाची: सुमारे ४३० अर्थ आणि जवळपास ६०,००० शब्द. पुढे कोशाची नव्याने उजळणी सुरू झाली, 'रन'ची नोंद पुन्हा लिहिली गेली, आणि २०११ साली बातमी आली की या क्रियापदाचे ६४५ अर्थ भरले आहेत. पीटर गिलिव्हर हे कोशकार त्या एका शब्दावर नऊ महिने काम करत होते. ६४५ हा आकडा फक्त क्रियापदाचा, नामाचा संसार वेगळा.

पण हा कोश ऐतिहासिक आहे. इंग्रजीत एखादा शब्द आजवर ज्या ज्या अर्थाने लिहिला गेला, ते सगळं तो नोंदवतो. त्यात शेकडो वर्षांपूर्वी मेलेले अर्थ येतात, फक्त खलाशांच्या तोंडचे येतात, आणि आपल्याला एकच वाटतील असे दोन अर्थही बारीक फरकामुळे वेगळे मोजलेले असतात. रोजच्या वाचनात उपयोगी पडणारे अर्थ मूठभर आहेत, आणि तेही एकमेकांचे नातेवाईक आहेत.

नातं समजून घ्यायचं तर मुळाशी जावं लागेल. जुन्या इंग्रजीत एक नव्हे, दोन क्रियापदं होती. एक 'रिन्नन', म्हणजे धावणे किंवा वाहणे. दुसरं 'ॲर्नन', म्हणजे धावायला लावणे, घोडा दौडवणे. आपल्याकडे पळणे आणि पळवणे, चालणे आणि चालवणे अशा जोड्या आहेत ना, अगदी तशीच ही जोडी. उत्तरेकडून आलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या भाषेतही अशीच जोडी होती, आणि तिचाही रंग इंग्रजीवर चढला. पुढे इंग्रजीत ही दोन्ही क्रियापदं एकमेकांत मिसळून गेली आणि एकच रूप उरलं. मराठीने जोडी जपली, इंग्रजीने ती गमावली. मराठी वाचकाचा 'रन'पाशी जो गोंधळ होतो, त्यातला निम्मा माझ्या मते इथेच आहे.

म्हणून पहिली गोष्ट बघायची ती ही, की क्रियापदापुढे कर्म आहे का. 'शी रन्स एव्हरी मॉर्निंग' म्हणजे ती रोज सकाळी धावते. 'शी रन्स अ स्कूल' म्हणजे ती शाळा चालवते. 'द इंजिन इज रनिंग' म्हणजे इंजिन चालू आहे, 'रन द इंजिन' म्हणजे इंजिन चालवा. 'ही रॅन हिज फिंगर डाउन द लिस्ट' म्हणजे त्याने यादीवरून बोट फिरवलं. कर्म दिसलं की मनात चालवणे, फिरवणे, सोडणे अशी प्रयोजक क्रियापदं आणायची. 'रन अ बाथ' यात कुणीही धावत नाही. अंघोळीसाठी टबात पाणी सोडायचं असतं, पाण्याला वाहायला लावायचं असतं.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. 'रिन्नन'च्या अर्थात धावण्याइतकंच वाहणंही होतं. आपण शाळेत पहिला अर्थ पायांनी धावण्याचा शिकतो आणि मग बाकीचे सगळे अर्थ त्यावर बसवायला जातो. ते बसत नाहीत, कारण पाय हा या शब्दाचा गाभाच नाही. एखाद्या वाटेने, न अडखळता, पुढे जात राहणं हा गाभा आहे. पायांनी धावणारा माणूस हे त्याचं फक्त एक उदाहरण. जर्मन भाषेत आजही 'रेनेन' म्हणजे धावणे आणि 'रिनेन' म्हणजे वाहणे, पाझरणे असे दोन वेगळे शब्द आहेत. इंग्रजीने दोन्हींचं ओझं एकावर टाकलं.

आता या नजरेने बघा. नळ 'रन' होतो, नाक 'रन' होतं, नदी 'रन' होते. कपडा धुताना रंग पसरून दुसऱ्या कपड्याला लागला तर रंग 'रन' झाला. रस्ता गावाच्या कडेने 'रन' होतो. इथे हलत काहीच नाही, पण आपली नजर त्या रस्त्यावरून पुढे जाते, आणि म्हणून आपणही 'रस्ता नदीकडे जातो' असंच म्हणतो. जागेत जे लांबतं ते काळातही लांबू शकतं. नाटक सहा महिने 'रन' होतं, आणि करार मार्चपर्यंत. पिढ्यांमधूनही काहीतरी वाहत येतं: 'इट रन्स इन द फॅमिली', म्हणजे हा गुण किंवा आजार घराण्यातच आहे. इथे मराठीतही आपण 'रक्तातच आहे' असं म्हणतो, म्हणजे वाहणाऱ्या गोष्टीकडेच वळतो.

एक आडवाटेची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. चीज करताना दूध घट्ट होण्यासाठी जे घालतात, त्या 'रेनेट'चं नाव याच कुळातलं आहे. जुन्या बोलण्यात या क्रियापदाला दूध साकळण्याचाही अर्थ होता. वाहणारी वस्तू एकत्र धावून आली की ती गोठते, अशी काहीशी ती कल्पना.

यंत्रांचा अर्थ नंतर फोफावला. जहाजं वाऱ्याबरोबर 'रन' करत होतीच, दोन गावांमध्ये घोड्यांच्या गाड्या ठरावीक वेळी 'रन' होत होत्या. मग आगगाड्या आल्या, कारखाने आले, आणि न थांबता चालणाऱ्या प्रत्येक गोष्टीला हाच शब्द सोयीचा वाटला. विसाव्या शतकात संगणक आल्यावर प्रोग्रॅमही 'रन' व्हायला लागला. यंत्रापासून संस्थेपर्यंतचं अंतर फार नाही. कंपनी, घर, देश 'रन' करणं म्हणजे ते चालतं ठेवणं. मराठीत आपण इथे धावणे सोडून चालणे घेतो. घड्याळ चालतं, दुकान चालतं, संसार चालतो. इंग्रज माणसाचं घड्याळ धावतं आणि आपलं चालतं, पण दोघांना सांगायचं असतं ते एकच, की ते बंद पडलेलं नाही.

याचा अर्थ मराठीला 'धाव' अशी ताणता येत नाही असं नाही. धावपट्टी, धावतं समालोचन, शिवणातला धावदोरा, धावती भेट हे शब्द आठवा. यातली भेट सोडली तर बाकीच्या प्रत्येकासाठी इंग्रजीत 'रन'चंच कुठलंतरी रूप आहे. क्रिकेटमधली धाव तर आहेच. तिथे तर चेंडू सीमेपार गेला की फलंदाज जागचा न हलताही त्याच्या नावावर चार धावा लागतात, म्हणजे धावण्यासाठीच केलेल्या या शब्दातूनही पाय गळून पडले.

पुढचा प्रकार मात्र थोडा वेगळा आहे आणि तो नीट लक्षात ठेवावा लागतो. 'रन'च्या पुढे थेट विशेषण आलं, तर त्याचा अर्थ बहुतेक वेळा होणे, पडणे, जाणे असा असतो. 'द वेल रॅन ड्राय', विहीर आटली. 'सप्लाइज आर रनिंग लो', साठा कमी होत चाललाय. 'आय ॲम रनिंग लेट', मला उशीर होतोय. 'टेम्पर्स रॅन हाय', वातावरण तापलं. यात गती शोधत बसू नका, कारण इथे क्रियापद नुसतं जोडकाम करतं आणि अर्थ विशेषण सांगतं.

आणि मग ती छोटी शेपटं: इन्टू, ओव्हर, आउट, डाउन, अप. खरी परीक्षा इथे होते.

'रन इन्टू समवन' म्हणजे अचानक गाठ पडणे, पण गाडी भिंतीत 'रन इन्टू' झाली तर ती आदळली. 'रन ओव्हर' म्हणजे गाडीखाली घेणे, पण सभा 'रन ओव्हर' झाली तर ती ठरलेल्या वेळेपेक्षा लांबली. 'रन डाउन'चे अर्थ तर एकमेकांकडे बघतही नाहीत: बॅटरी उतरते तेव्हा ती 'रन डाउन' होते, एखाद्याला सतत नावं ठेवणं म्हणजे त्याला 'रन डाउन' करणं, आणि विशेषण म्हणून 'रन-डाउन' आलं तर इमारत मोडकळीला आलेली किंवा माणूस थकून गेलेला. 'रन अप अ बिल' म्हणजे बिल वाढवून ठेवणे. 'रन थ्रू' म्हणजे भरभर नजर टाकणे किंवा तालीम करणे, जुन्या गोष्टींत मात्र तलवार आरपार घालणे. 'रन इट बाय मी' कार्यालयात फार ऐकू येतं. त्याचा अर्थ, आधी माझ्या कानावर घाला, मग ठरवा.

'रन आउट'वर जरा थांबते, कारण आपल्याकडे चुका इथेच जास्त होतात. वस्तू कर्ता असेल तर ती नुसती 'रन आउट' होते: 'टाइम रॅन आउट', वेळ संपली. माणूस कर्ता असेल तर 'ऑफ' लागतो: 'वुई रॅन आउट ऑफ टाइम', आमच्याकडची वेळ संपली. 'वुई आर रन आउट ऑफ टाइम' असं काही मंडळी लिहितात, ते चूक आहे. 'वुई हॅव रन आउट ऑफ टाइम' हे बरोबर. क्रिकेटमधला 'रन आउट' मात्र वेगळाच. तिथे फलंदाज 'वॉज रन आउट' असतो आणि ते वाक्य कर्मणी असतं, कारण त्याला बाद करणारा दुसरा कुणीतरी असतो.

'हॅव रॅन' ही चूकही सर्रास दिसते. रूपं रन, रॅन, रन अशी आहेत, म्हणजे तिसरं रूप पहिल्यासारखंच. खरं तर गोष्ट उलटी घडली. 'उ'सारख्या स्वराचं रूप मुळात भूतकालवाचक धातुसाधिताचं होतं, आणि तेच पुढे वर्तमानकाळात शिरलं. त्यामुळे 'हॅज रन' हे या शब्दाचं अगदी जुनं, हक्काचं रूप समजा.

नामाबद्दल थोडक्यात. सलग लांबलेला कुठलाही पट्टा 'रन' होऊ शकतो: यशाचा, पुस्तकाच्या एका छपाईतल्या प्रतींचा, बर्फावर घसरायच्या उताराचा, कोंबड्यांना हिंडायला ठेवलेल्या कुंपणातल्या जागेचा. बँकेवर 'रन' म्हणजे बँक बुडेल या भीतीने सगळ्या ठेवीदारांची पैसे काढायला एकदम उडालेली झुंबड. 'रन-ऑफ-द-मिल' म्हणजे सर्वसाधारण, कारण गिरणीतून निघालेला, प्रतवारी न केलेला माल असा तो शब्द होता.

अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात इथेही फरक आहे. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी 'रन' करतो, ब्रिटनमध्ये तो परंपरेने 'स्टँड' करतो. एकीकडे धावतो, दुसरीकडे उभा राहतो, आणि मराठीतही तो उभाच राहतो. पातळ मोज्याचा धागा उसवून उभी रेघ पडली तर अमेरिकन माणूस त्याला 'रन' म्हणतो, ब्रिटिश माणूस 'लॅडर'.

शेवटी कोशाबद्दल, कारण तुम्ही तो उघडून घाबरलात. ऐतिहासिक कोश जुना अर्थ आधी देतो, म्हणून शिकणाऱ्याने तो हाताशी घेऊ नये. शिकणाऱ्यांसाठी काढलेले वेगळे कोश असतात. त्यांत मोठ्या नोंदीचे अर्थ विषयवार गटांत लावलेले असतात आणि शेपटं जोडलेली क्रियापदं शेवटी वेगळी दिलेली असतात. वाक्य घेऊन कोशाकडे जा आणि जाण्याआधी तीन गोष्टी पाहा: कर्ता माणूस आहे की वस्तू, पुढे कर्म आहे का, आणि क्रियापदाला शेपूट लागलंय का. एवढं पाहिलं की दहापैकी आठ अर्थ वाचायचीच गरज उरत नाही. 'रन अ रिस्क' म्हणजे धोका पत्करणे, 'रन अ टेंपरेचर' म्हणजे अंगात ताप असणे, असे काही जोड मात्र कुठल्याच नियमाला दाद देत नाहीत. ते भेटतील तसे वहीत लिहून ठेवा, आणि सुटे शब्द न लिहिता आख्खं वाक्य लिहा.