इंदूरमध्ये बारावी नापास भाचा दोन वर्षं घरी बसून आहे, ना नोकरी ना शिक्षण. सुरुवात कुठून करावी?

कोर्सपासून नाही, कागदांपासून करा. अशी मुलं फॉर्मवरच अडकतात आणि एकदा खिडकीवरून परत आलेलं पोर दुसऱ्यांदा जायला तयार होत नाही. दहावीची मार्कशीट, आधार आणि नऊ अंकी समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा रहिवाशांसाठीचा ओळख क्रमांक) शेजारीशेजारी ठेवून नावं अक्षर न अक्षर ताडून पाहा. आपल्या मराठी घरांत मधे वडिलांचं नाव लावतात. ते आधारवर असतं, मार्कशीटवर नसतं, आणि ई-केवायसी (ऑनलाइन ओळख पडताळणी) तिथेच अडते. आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे ना, तेही बघा; जुनं सिम बंद असेल तर ओटीपी येणारच नाही.

आता शिक्षण. दहावी पास असेल तर बारावीसाठी अडून बसू नका. आयटीआयला वेल्डर एका वर्षाचा, फिटर आणि इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचे. नंदानगरच्या शासकीय आयटीआयमध्ये त्याला आधी एकदा वर्कशॉप दाखवून आणा. लेथसमोर पाच मिनिटं उभं राहिल्यावर जे कळतं ते माहितीपत्रकातून कळत नाही. पुढे इंदूरजवळच्या पीथमपूरच्या कारखान्यांत अप्रेंटिसशिपसाठी अर्ज करता येतो.

बारावीच हवी असेल तर एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळेचं बोर्ड. जुन्या बोर्डात पास झालेले जास्तीत जास्त दोन विषय तिथे धरले जातात.

आणि कृपा करून पाहुण्यांसमोर ‘सध्या काय करतोस?’ हा प्रश्न बंद करा. त्यानेच तो खोलीबाहेर येत नसेल.