स्क्रीनमध्येच स्पीकर असलेल्या डिजिटल फळ्याच्या पेटंटवर एक्झामिनरने हरकत घेतली आहे; आता काय करावं?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या धाकट्या भावाने वर्गात लावायचा डिजिटल फळा बनवला आहे. त्याला वेगळे स्पीकर नाहीत, मागून बसवलेल्या एक्सायटरमुळे, म्हणजे हादरे देणाऱ्या छोट्या भागामुळे, पडदाच वाजतो. पेटंटचा अर्ज त्याने स्वतःच भरला आणि आता पहिला परीक्षण अहवाल, म्हणजे एफईआर, आला आहे. त्यात कलम ३(एफ) ची हरकत आहे, इन्व्हेंटिव्ह स्टेप नाही, म्हणजे हे जाणकाराला सहज सुचलं असतं, अशी हरकत आहे, आणि डी१ ते डी३ असे तीन जुने दस्तऐवज पुढे ठेवले आहेत. ‘म्हणजे सगळं संपलं का?’ असं तुम्ही विचारलंय.

नाही, संपलेलं नाही. मी पुण्यात पेटंट एजंट आहे आणि माझं बरंचसं काम इलेक्ट्रॉनिक्सचं असतं. एकही हरकत नसलेला एफईआर इतक्या वर्षांत माझ्या हातात जेमतेम दोन-तीनदा आला असेल. एफईआर हा निकाल नसतो. अर्ज वाचून, जुनं साहित्य शोधून पेटंट कार्यालयातल्या एक्झामिनरने काढलेल्या हरकती असतात त्या. त्यावर तुमचं म्हणणं पाहून निर्णय त्याच कार्यालयातला अधिकारी, म्हणजे कंट्रोलर, देतो.

सगळ्यात आधी तारीख बघा. अहवालाच्या तारखेपासून सहा महिन्यांत उत्तर जायला हवं. फॉर्म ४ भरून आणखी तीन महिने मागता येतात, पण तो फॉर्म सहा महिने उलटायच्या आत द्यायचा. उत्तर गेलंच नाही तर कलम २१ प्रमाणे अर्ज सोडून दिला असं धरलं जातं, आणि त्यावर साधं अपीलही करता येत नाही. चांगले अर्ज निव्वळ तारखेपायी गेलेले मी पाहिले आहेत, म्हणून हे आधी सांगितलं.

आता ३(एफ). पेटंट कायद्याच्या कलम ३ मध्ये कशाला शोध म्हणायचं नाही याची यादी आहे. त्यातलं एफ असं म्हणतं की माहीत असलेली उपकरणं नुसती एकत्र मांडली, मांडणी बदलली किंवा एकाची दोन केली, आणि त्यातलं प्रत्येक उपकरण दुसऱ्याशी संबंध न ठेवता आपलं नेहमीचंच काम करत राहिलं, तर तो शोध नाही. हे शिकवताना छत्रीला बसवलेल्या पंख्याचं उदाहरण देतात. छत्री पाऊस अडवते, पंखा वारा देतो. पंखा काढला म्हणून छत्री गळायला लागत नाही.

तुम्ही भावाचा पहिला क्लेम, म्हणजे नेमक्या कशावर हक्क हवा ते सांगणारं अर्जातलं वाक्य, दिलाय तो असा: ‘एक डिस्प्ले स्क्रीन, जिच्यात ध्वनी निर्माण करणारे स्पीकर अंतर्भूत आहेत, आणि दोन्हींना जोडणारा नियंत्रक.’ हे वाक्य एक्झामिनरच्या खुर्चीत बसून वाचा. चित्र दाखवणारी स्क्रीन, आवाज देणारा स्पीकर, मध्ये सर्किट. या शब्दांत तुमच्या घरचा जुना खोक्यासारखा टीव्हीसुद्धा बसतो. भावाने रात्री जागून काय काय करून पाहिलं ते एक्झामिनरला दिसत नाही. त्याच्यासमोर फक्त क्लेमचे शब्द असतात, आणि या शब्दांवर ३(एफ) लावणं चूक नाही, हे मला तुम्हाला स्पष्ट सांगितलं पाहिजे.

शिवाय पडदाच वाजवायची कल्पना जुनी आहे. इंग्लंडमधल्या एनएक्सटी कंपनीने १९९० च्या दशकात सपाट पॅनलला नेमक्या जागी हादरे देऊन ते सगळं पॅनलच स्पीकर करायचं तंत्र आणलं. त्यांचा आंतरराष्ट्रीय अर्ज १९९७ साली प्रसिद्ध झाला. स्क्रीनसमोर पारदर्शक पॅनल बसवून त्याच्या कडांना एक्सायटर लावायचं ‘साउंडव्ह्यू’ही त्यांचंच. २०१७ मध्ये सोनीचा ए१ हा ओएलईडी टीव्ही आला. त्यात पडद्यामागचे ॲक्च्युएटर पडदा थरथरवतात, पण खर्जासाठी सबवूफर मागच्या स्टँडमध्ये ठेवावाच लागला. एलजी डिस्प्लेकडे तर पॅनल थरथरवून आवाज काढणाऱ्या डिस्प्लेवरच्या पेटंटांचा गठ्ठाच आहे: एक्सायटरभोवती फोमची भिंत कशी घालायची, त्याची उष्णता कुठे न्यायची, आधार कुठे द्यायचा. हुआवेच्या २०१९ च्या पी३० प्रो या फोनलाही कानाशी धरायच्या स्पीकरची जाळी नाही, स्क्रीनच बोलते.

तुमचे डी१ ते डी३ याच घराण्यातले असणार. भावाला स्वतः शोधायचं असेल तर पेटंटांच्या वर्गीकरणातला एच०४आर ७/०४ हा सपाट डायफ्रॅमचा (थरथरून आवाज काढणाऱ्या पडद्याचा) वर्ग आणि एच०४आर २४९९/१५ हा डिस्प्लेमध्ये बसवलेल्या ट्रान्सड्यूसरचा (स्पीकरसारख्या भागाचा) वर्ग, एवढे दोन कप्पे उघडले तरी बरंच सापडेल. हे काम अर्जाआधी झालं असतं तर क्लेम वेगळा लिहिला गेला असता.

म्हणजे ‘स्क्रीनमध्ये स्पीकर’ एवढ्यावर आज कोणालाच पेटंट मिळणार नाही. मिळेल ते त्यातल्या एखाद्या अडचणीच्या उत्तरावर. आणि अडचणी खऱ्या आहेत. एलसीडीत बॅकलाइट, डिफ्यूझर असे सुटे थर असतात, मध्ये फटी असतात, त्यामुळे मागून दिलेला हादरा पुढच्या काचेपर्यंत धड पोचत नाही. ओएलईडी स्वतःच उजळतो, पातळ असतो, तिथे हादरा पोचतो. पण एक्सायटरची कॉइल तापते आणि सततच्या उष्णतेने तेवढ्या जागेचे पिक्सेल लवकर थकतात. डावा आणि उजवा आवाज एकाच पॅनलमधून निघतो, म्हणून एकमेकांत मिसळतो. भावाने यातली कुठली अडचण सोडवली? तो उत्तर देताना जे वाक्य सहज बोलेल, त्यातच बहुधा त्याचा शोध असेल.

काही वर्षांपूर्वी भोसरीतल्या एका छोट्या कारखान्याचं असंच काम माझ्याकडे आलं होतं. मालकांच्या परवानगीने सांगतो. दुकानाच्या काउंटरवर ठेवायचा छोटा ओएलईडी फलक, मागे दोन एक्सायटर, आणि पॅनल व एक्सायटर यांच्यामध्ये उष्णता पसरवणारा ॲल्युमिनियमचा पत्रा. क्लेम तुमच्या भावासारखाच ढोबळ. हरकतीही त्याच. मी कारखान्यात गेलो तेव्हा मालकांनी पत्रा हातात दिला. त्याच्या मधोमध उभ्या, बारीक खाचा होत्या. विचारलं तर म्हणाले, ‘हवा खेळावी म्हणून मारल्यात. पण साहेब, त्या मारल्यापासून डावा-उजवा आवाज वेगळा कळायला लागला.’

ते वाक्य मला तिथेच लिहून घ्यावंसं वाटलं. आम्ही फलक टेबलावर आडवा ठेवला, वर पातळ फिल्म ताणून लावली आणि त्यावर बारीक रवा पसरला. फक्त डाव्या एक्सायटरला एकच सूर दिला. आधी बिनखाचांचा नमुना: रवा दोन्ही बाजूंना नाचायला लागला आणि थोड्या वेळात उजवीकडेही त्याच्या वळणदार रेघा जमल्या. मग खाचांचा नमुना: डावीकडे तशाच रेघा, पण उजवीकडचा रवा जवळजवळ होता तसाच पडून राहिला, फक्त मधल्या भागात थोडा सरकला. कंपन पूर्ण थांबलं नव्हतं, पण फरक डोळ्यांना दिसत होता. दोन्हींचे फोटो काढले, मायक्रोफोन लावून मोजमापं घेतली.

त्या पत्र्यामुळे ३(एफ) चं उत्तर मिळालं. पत्रा फक्त उष्णता नेत नव्हता, तो दोन एक्सायटरांची कंपनंही एकमेकांपासून तोडत होता. खाचा काढल्या की आवाज बदलतो, म्हणजे भाग एकमेकांशी संबंध न ठेवता चाललेले नाहीत. सर्वोच्च न्यायालयाचा बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज हा निकाल अशा वेळी वाचावा. लेथवर धातूची भांडी पकडायच्या साधनाचं ते प्रकरण. तिथे पेटंट टिकलं नाही, कारण माहीत असलेलीच युक्ती किरकोळ बदल करून वापरली होती, आणि कारखान्यात रोज होतात तशा सुधारणांना पेटंट नाही असं न्यायालयाने धरलं. पण त्याच निकालात दुसरी बाजूही आहे: जुने भाग एकत्र येऊन, एकमेकांवर परिणाम करून नवा किंवा अधिक चांगला परिणाम देत असतील तर ती जुळणी पेटंटला पात्र ठरू शकते. तुमच्या भावाला नेमकं हेच दाखवायचं आहे.

आता ज्या गोष्टीवर सगळं अडतं ती. कलम ५९ प्रमाणे क्लेम आवळता येतो, चूक दुरुस्त करता येते, खुलासा करता येतो. पण मूळ अर्जात जे नव्हतंच ते आत घालता येत नाही. भोसरीच्या अर्जात वर्णनाच्या आत कुठेतरी एकच ओळ होती: ‘सदर खाचांमुळे एका बाजूचे कंपन दुसऱ्या बाजूस कमी प्रमाणात जाते.’ त्या एका ओळीच्या बळावर आम्ही खाचा पहिल्या क्लेममध्ये आणल्या, रव्याचे फोटो आणि मोजमापं शपथपत्रासोबत जोडली, आणि सुनावणीनंतर पेटंट मिळालं. दुसऱ्या एका तरुणाच्या बाबतीत अशी ओळ शोधत मी दोन दिवस त्याचा अर्ज वाचत बसलो होतो. युक्ती त्याच्याकडे होती, वहीत होती, अर्जात नव्हती. तो अर्ज वाचवता आला नाही, आणि मला ते अजून लागतं.

म्हणून उत्तर लिहायला बसण्याआधी भावाने मूळ स्पेसिफिकेशन, म्हणजे अर्जातलं शोधाचं पूर्ण वर्णन, छापून घ्यावं, चित्रांसकट. ज्या ज्या वाक्यात एका भागामुळे दुसऱ्याचं काम बदलतं असं म्हटलंय, त्याखाली पेन्सिलीने रेघ मारावी. चित्रंही मूळ अर्जाचाच भाग असतात. एक्सायटर मध्यभागी न बसवता बाजूला सरकवलेला चित्रात दिसत असेल आणि त्याबद्दल मजकुरात एखादं तरी वाक्य असेल, तर त्याचाही उपयोग होतो. मग क्लेम दोन भागांत लिहावा: आधी जे सगळ्यांना माहीत आहे ते, आणि ‘ज्याचे वैशिष्ट्य असे की’ यानंतर आपली जुळणी, नेमक्या शब्दांत. क्लेमची व्याप्ती लहान झाली म्हणून वाईट वाटून घेऊ नका. नाकारलेल्या मोठ्या क्लेमपेक्षा मिळालेला छोटा क्लेम बाजारात जास्त कामाला येतो.

तीन दस्तऐवजांबद्दल एवढंच: ‘आमचं वेगळं आहे’ असं मोघम लिहू नका. डी१ मध्ये काय आहे, काय नाही, आणि डी१ वाचणारा जाणकार डी२ मधला भाग त्यात का आणेल, हे एकेक करून घ्या. डी२ फोनसाठी असेल, त्यात पडदा तळहाताएवढा असेल, तर तीच गोष्ट फळ्याच्या मोठ्या काचेवर का चालत नाही ते आकड्यांनी दाखवा. कशावरून उघड आहे हे सांगायची जबाबदारी कार्यालयावरही आहे. २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ॲग्रीबोर्ड प्रकरणात सांगितलं की जुनं काय, नवं काय आणि जुन्यावरून नवं जाणकाराला कसं सुचलं असतं, याचा विचार आदेशात दिसला पाहिजे.

सुनावणीची फार धास्ती घेऊ नका. आता ती व्हिडिओवरच होते. नंतर लेखी म्हणणं द्यायला पंधरा दिवस मिळतात, ते न चुकता द्या.

अर्ज भरल्यानंतर भावाला काही नवं सुचलं असेल तर ते या उत्तरात कोंबू नका. सुधारणेसाठी वेगळा अर्ज करता येतो. मूळ पेटंट मिळणार असेल तर ‘पेटंट ऑफ ॲडिशन’चाही, म्हणजे मूळ पेटंटला जोडून सुधारणेचं पेटंट घ्यायचाही, मार्ग आहे. त्यात मूळ शोधाच्या तुलनेत वेगळी इन्व्हेंटिव्ह स्टेप नाही, एवढ्याच कारणाने अर्ज नाकारता येत नाही. फक्त तो अर्ज जाईपर्यंत त्या सुधारणेचा व्हिडिओ कुठेही टाकू नका, शाळेत दाखवायलाही नेऊ नका.

आज रात्री त्या छापील अर्जावर रेघा मारून होऊ द्या. एक जरी रेघ पडली, तर त्या वाक्याचा पान क्रमांक आणि डी१ चा क्रमांक मला कळवा. क्लेम कसा मांडायचा ते आपण बसून बघू.