चेकवर नावं दोन, खातं एकाचं

प्रश्न : गावाकडची वडिलोपार्जित जागा आम्ही भावाबहिणींनी विकली. शेवटच्या हप्त्याचा आठ लाखांचा चेक खरेदीदाराने दादा ‘आणि’ मी अशा दोन्ही नावांनी दिलाय, वर ‘अकाउंट पेयी’ आहे. आमचं जोडखातं नाही. चेकच्या मागे दोघांनी सह्या करून तो माझ्या खात्यात भरायला गेले, तर बँकेने परत पाठवलं. आता काय करू? – एक वाचक, सातारा

उत्तर : बँकेने अडवलं ते बरंच केलं. नावांमध्ये ‘आणि’ असलं की पैसे दोघांचे मिळून. अकाउंट पेयी चेक ज्याच्या नावाचा त्याच्याच खात्यात जमा करायचा, हा रिझर्व्ह बँकेचा दंडक. मागे सही करून पैसे दुसऱ्याला देण्याची सोय अशा चेकला चालत नाही. नाव न बघता चेक घेतला आणि पुढे दादांनी हरकत घेतली, तर निष्काळजीपणा बँकेच्या अंगाशी येतो. १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्यातलं (चेक-हुंड्यांचा कायदा) कलम १३१ चं संरक्षण, म्हणजे नीट काळजी घेणाऱ्या बँकेला जबाबदारीतून मिळणारी सूट, तिला मिळत नाही. तेव्हा काउंटरवर जमलं नाही म्हणून ड्रॉप बॉक्समध्ये टाकून बघू नका.

सरळ उपाय म्हणजे हा चेक परत देऊन हिश्शाप्रमाणे दोन वेगळे चेक घेणं. खरेदीदार म्हणेल, ‘एक नाव खोडून सही करतो.’ ते नको. चेकची आता प्रतिमा स्कॅन होऊन जाते, आणि त्या पद्धतीत तारखेखेरीज कुठलीही खाडाखोड सहीनिशीसुद्धा चालत नाही. नव्या चेकचे तपशील (नाव, तारीख, रक्कम) खरेदीदाराने आपल्या बँकेत ‘पॉझिटिव्ह पे’मध्येही (चेक वटण्याआधी त्याचे तपशील बँकेला कळवून ठेवण्याची सोय) भरावेत. ५०,००० रुपयांपासून ही सोय आहे. मोठ्या रकमांना काही बँका सक्तीची करतात.

इथे एक गोष्ट हमखास सुटते. खरेदीखतात चेकचा नंबर, तारीख, बँक लिहिलेली असते. दस्त नोंदवायचा असेल तर मसुद्यातच नवे नंबर घाला. नोंदणी झाली असेल तर ‘अमुक नंबरचा चेक न वटवता परत केला, त्याबदली हे दोन मिळाले’ अशी पावती दोन प्रतींत करा, दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. आणि नवे चेक हातात पडल्याशिवाय जुना सोडू नका, जुन्याची झेरॉक्स ठेवा.

खरेदीदार परगावी असेल किंवा टाळाटाळ करत असेल, तर दोघांचं जोडखातं उघडा. पॅन, आधार, फोटो दोघांचेही लागतात. खात्यावरची नावं चेकवरच्यासारखीच हवीत. चेकवर माहेरचं आडनाव आणि आधारवर सासरचं असेल तर तिथेच घोडं अडतं. व्यवहार ‘दोघांच्या सहीने’ ठेवायचा की ‘कोणीही एक’, हे फॉर्मवर आधीच ठरवा. वाटणी व्हायची असेपर्यंत आम्ही पहिलाच पर्याय सुचवू, भावाबहिणींत कितीही गोडी असली तरी. चेक तारखेपासून तीनच महिने चालतो, हे धरून खात्याची धावपळ करा.

प्रश्न : लग्नात मामांनी आम्हा दोघांच्या नावे चेक दिला, पण नावांमध्ये ‘किंवा’ आहे. कोणाच्या खात्यात भरायचा? – एक वाचक, पनवेल

उत्तर : दोघांपैकी कोणाच्याही. त्याच कायद्याचं कलम १३ (२) अशा चेकला मान्यता देतं. स्लिपवर ज्याचं खातं त्याचंच नाव लिहा, चेकच्या मागे खाते क्रमांक आणि मोबाइल नंबर टाका. तरी काउंटरवर ‘दोघांचं खातं आणा’ म्हणाले, तर ‘किंवा’वर बोट ठेवून शाखाधिकाऱ्यांना दाखवा, घाईत तो शब्द वाचला जात नाही. नुसतं ‘श्री. व सौ.’ लिहिलेलं असतं, तर मात्र वरचंच उत्तर लागू झालं असतं.