महिन्याचे एकशे अठरा, वर्षाचे एक लाख

पत्र: "पुण्यात धायरीला भाड्याच्या टू-बीएचकेमध्ये राहतो. वय ३८, एक मुलगा. दोघांचे मिळून ६२ हजार हातात येतात, सगळा खर्च जाऊन दहा-बारा हजार उरतात. बायको घरून काम करते. घरात फायबर आहे, तरी बेडरूममध्ये तिचे व्हिडिओ कॉल अडकतात. फायबरचे ६९९ आणि वर जीएसटी, ५जीच्या वायरलेस कनेक्शनचे ५९९ आणि वर जीएसटी. बदलू का? वाचलेले पैसे पॉलिसीच्या हप्त्याला टाकीन. बँकेतल्या मॅडमनी सुचवलं म्हणून तीन लाखांची एफडी मोडून पॉलिसी घेतली. दहा वर्षं लाख-लाख भरायचे, विसाव्या वर्षी २२ लाख. एफडीतले उरलेले दोन लाख पुढच्या दोन हप्त्यांना ठेवलेत. पॉलिसी ईमेलवर येऊन बारा दिवस झाले."

उत्तर: तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य शेवटचं आहे. इंटरनेट आठवडाभर थांबेल, पॉलिसी थांबणार नाही. आयुर्विमा पॉलिसी हातात किंवा ईमेलवर आल्यापासून ३० दिवसांच्या आत ती परत करता येते. याला फ्री-लूक म्हणतात. तुमचे निम्मे दिवस संपत आलेत.

आधी हिशोब. दहा हप्ते म्हणजे दहा लाख. प्रत्येक लाख सरासरी साडेपंधरा वर्षं अडकतो आणि दहाचे बावीस होतात. परतावा पडला सव्वापाच टक्क्यांच्या आसपास. हेच लाख-लाख दहा वर्षं पीपीएफमध्ये, म्हणजे सरकारच्या बचत खात्यात टाकले, पुढे पंधराव्या वर्षापर्यंत किमान पाचशे भरून खातं चालू ठेवलं आणि मग पाच वर्षं मुदत वाढवली, तर ७.१ टक्के दराने विसाव्या वर्षी साडेएकोणतीस लाख होतात. दर सरकार तिमाहीला ठरवतं, तो थोडा उतरला तरी पॉलिसीच्या पुढेच राहील. साडेसात लाखांचा फरक तुम्ही सहीनिशी सोडून दिलात आणि इथे एकशे अठरा रुपयांची चौकशी करताय. मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा.

शिवाय ते २२ लाख नक्की कुठून आले ते बघा. पॉलिसीसोबत आलेल्या तक्त्यात ४ टक्के आणि ८ टक्के असे दोन रकाने असतील, तर ते गृहीतक आहे, हमी नाही. विकणाऱ्याचं बोट नेहमी ८ च्या रकान्यावर असतं. हमीची रक्कम वेगळी लिहिलेली असते, ती वाचा.

विमा म्हणावा तर तोही नाही. लाखाच्या हप्त्यावर असल्या पॉलिसीत साधारण दहा लाखांचं संरक्षण मिळतं. महिन्याला पन्नास हजार खर्चाच्या घराला ते वीस महिने पुरेल. एक कोटीचा साधा टर्म विमा, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा, तुमच्या वयाला, तंबाखू नसेल आणि तब्येत ठीक असेल, तर साधारण वीस हजारांच्या आत मिळतो. आणि मोडलेली तीन लाखांची एफडी म्हणजे बरोबर सहा महिन्यांचा घरखर्च होता. अडीअडचणीचा तेवढाच पैसा, तोच हप्त्यांना बांधलात. तिसऱ्या वर्षानंतर काय? उरणाऱ्या दहा-बारा हजारांतले आठ हजार तीनशे दर महिन्याला बाजूला पडले पाहिजेत, मुलाची फी वाढली तरी.

आता काय करायचं ते. अर्ज बँकेकडे नाही, विमा कंपनीकडे करा. बँक फक्त विकणारी आहे. कंपनीच्या पुण्यातल्या शाखेत जा. अर्जात पॉलिसी क्रमांक, पॉलिसी मिळाल्याची तारीख आणि 'अटी मान्य नाहीत, फ्री-लूकमध्ये रद्द करून पैसे परत द्यावेत' एवढं पुरे. सोबत रद्द केलेला चेक आणि पॅनची प्रत. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या, तोच अर्ज त्याच दिवशी ईमेलही करा. स्टॅम्प ड्युटी, तेवढ्या दिवसांचा विमाखर्च आणि वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च कापून बाकी रक्कम परत येते. अर्ज मिळाल्यापासून सात दिवसांत यायला हवी. मॅडम म्हणतील, 'माझ्याकडे द्या, मी करून देते.' देऊ नका, दिवस असेच सरतात. कंपनीचा फोन आला की पुन्हा 'हो हो' करू नका. पॉलिसी देताना आलेल्या फोनवर दिलेले 'हो' आधीच रेकॉर्ड झालेले असतात. टाळाटाळ झाली तर विमा नियामकाच्या 'विमा भरोसा' पोर्टलवर तक्रार करा. महिन्याभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांचं कार्यालय नारायण पेठेत, केळकर रस्त्यावर आहे.

लाख परत आला की तिन्ही लाखांच्या एक-एक लाखाच्या तीन एफडी करा, म्हणजे गरजेला एकच मोडावी लागेल. मग टर्म विमा, मग पीपीएफ. हाच क्रम.

आता इंटरनेट. कॉल अडकतात ते फायबरमुळे असं तुम्ही धरून चाललात. तपासा: लॅपटॉप लॅन वायरने थेट राउटरला लावून स्पीड टेस्ट करा, मग बेडरूममध्ये वायफायवर करा. पहिल्यात ९५ एमबीपीएस आणि दुसऱ्यात १२ आले, तर दोष घरातल्या भिंतींचा आहे. राउटर बहुधा दाराजवळ टांगलेला असतो. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय वेगवान, पण भिंत ओलांडताना दमतं, २.४ लांब जातं, पण सोसायटीतले सगळे राउटर त्याच गर्दीत. ५जीचा डबा आणलात तरी तो खिडकीजवळ किंवा गच्चीत सिग्नल पकडेल आणि घरात पुन्हा वायफायच वाटेल. भिंती त्याच. वर संध्याकाळी टॉवरवर गर्दी झाली की वेग आणि अपलोड दोन्ही हेलकावे खातात, कॉलला नेमकं तेच नडतं. डेटाच्या मर्यादेची काळजी मात्र नको. वायरलेसला सहसा महिन्याला १००० जीबी असतात. रोज चार तास एचडी टीव्ही आणि तीन तास कॉल धरले तरी साडेचारशेच्या आसपास होतात.

तेव्हा फायबर ठेवा आणि बायकोच्या टेबलापर्यंत १५ मीटर कॅट-६ प्रकारची लॅन वायर न्या. पुण्यात तपकीर गल्लीतल्या दुकानांत मिळेल. शुद्ध तांब्याची मागा, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची नको. भाड्याचं घर, म्हणून चपटी वायर क्लिपांनी स्कर्टिंगवरून. लॅपटॉपला लॅनचं भोक नसेल तर यूएसबीचा गिगाबिट अडॅप्टर. सगळं मिळून दीड-दोन हजार. वायर लावूनही वेग ९५ च्या वर जात नसेल आणि प्लॅन मोठा असेल, तर बहुधा वायरीतल्या आठांपैकी एखादी तार टोकाला नीट बसलेली नाही, टोक पुन्हा क्रिम्प करून, म्हणजे दाबून बसवून घ्या.

गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली की काय, हे आत्ताच बघून ठेवा. राउटरच्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट लिहिलं असेल तर छोटा यूपीएस चालतो, अँपिअर जुळवून घ्या. पण घरात फायबरऐवजी जिन्यातल्या स्विचवरून लॅन वायर येत असेल, तर इमारतीची वीज गेल्यावर तो स्विचच बंद पडतो, तुमचा यूपीएस काय करणार? फायबर रस्त्याच्या खोदाईत तुटलं तर तेवढ्यापुरता मोबाईलचा हॉटस्पॉट.

वर्षाचे पैसे आगाऊ भरून महिना फुकट मिळवू नका. भाडेकरू आहात, घर बदललं तर ते कनेक्शन नव्या पत्त्यावर मिळेलच असं नाही. सोडताना राउटर आणि फायबरचा डबा परत दिल्याची पावती घ्या, नाहीतर अनामत अडकते.