स्कूटरवर लायसन्स काढून मग बाईक शिकायची? थोडं थांबा

तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. नवी मुंबईत कोपरखैरण्याहून महाप्याला ऑफिस, स्कूटर येते, आता बाईक शिकायची आहे, आणि ट्रेनिंग स्कूलवाले म्हणतायत, "मॅडम, लायसन्स आपल्या स्कूटरवर काढून टाकू, गिअरची गाडी मग सावकाश शिका." हे वाक्य मी ठाण्यात ऐकलंय, जवळजवळ शब्दाला शब्द. अर्जात काय भरलंय ते स्वतःच्या डोळ्यांनी बघेपर्यंत एक रुपयाही देऊ नका.

हेल्मेट, बूट, आरसे हे तुम्हाला ठाऊक असणारच, त्यात शिरत नाही.

आमच्या स्कूलचं नाव लिहीत नाही. दुकान अजून जोरात चालू आहे आणि मला भांडण नको. मी फी भरली ती बाईकच्या कोर्सची, पावतीवर मात्र नुसतं 'टू व्हीलर'. ऑनलाइन अर्ज त्यांच्याच पोराने भरला. टेस्टही त्यांच्याच स्कूटरवर: गाडीने आठचा आकडा काढा, पाय टेकवू नका, झालं. बाईकचे क्लास कधी, तर "आधी लायसन्स तर येऊ दे". कार्ड पोस्टाने घरी आलं, त्यावर एमसीडब्ल्यूओजी. म्हणजे विदाउट गिअर. खाली पार्किंगमध्ये नवी बाईक उभी, आणि ती रस्त्यावर काढायची मला परवानगी नाही.

जाब विचारायला गेले की मालक कायम "बाहेर गेलेत". काउंटरवरचा मुलगा हसून म्हणाला, "कोण बघतंय मॅडम, लायसन्स आहे ना?" कोण बघतं ते सांगते. नाक्यावरचा हवालदार बघेल न बघेल, पण उद्या गाडी कुठे ठोकली गेली तर विमा कंपनी पहिल्यांदा लायसन्सवरचा वर्गच बघते, आणि तो चुकीचा असला की क्लेम नाकारायला तिला आयतं कारण मिळतं. शिवाय त्या वर्गाचं लायसन्स नसताना गाडी चालवली तर दंड ५,००० रुपये.

नंतरची वरात म्हणजे पुन्हा अर्ज, त्या वर्गाचं नवीन लर्निंग लायसन्स, मध्ये ३० दिवस, पुन्हा स्लॉट, पुन्हा टेस्ट. माझा सगळा पावसाळा त्यात गेला. फीमधला एक पैसा परत आला नाही.

तुम्ही पहिल्यापासून एमसीडब्ल्यूजी, म्हणजे विथ गिअर, हाच वर्ग भरा. त्यात स्कूटरही चालते, उलटं चालत नाही. सरकारच्या 'सारथी' पोर्टलवर अर्ज घरबसल्या भरता येतो, तो स्वतः भरा आणि ओटीपी कुणाला देऊ नका. (मी वकील नाही, एजंट तर नाहीच. नियम बदलतात, भरण्याआधी पोर्टलवर एकदा बघून घ्या.) लर्निंगवर असताना गाडीला पुढे-मागे 'एल'ची पाटी लावायची, आणि मागे बसवायचं ते फक्त शिकवणाऱ्या लायसन्सवाल्याला. मैत्रिणीला मागे बसवून ऐरोलीपर्यंत सराव, असला बेत असेल तर सोडून द्या.

आता स्कूलवाल्यांच्या त्या सल्ल्यातली खरी गोम, जी कुणी सांगत नाही. स्कूटरवर डाव्या हाताचा लिव्हर म्हणजे ब्रेक. हल्लीच्या बऱ्याच स्कूटरमध्ये तो दाबला की पुढचाही थोडा लागतो, त्यामुळे सगळं थांबणं डाव्या हातातच येतं. बाईकवर त्याच जागी क्लच असतो. समोर अचानक रिक्षा वळली की स्कूटरवाल्याचा डावा हात आधी आवळतो, आणि बाईक थांबायच्या ऐवजी मोकळी सुटते, कारण गाडीला मागे धरून ठेवणारी इंजिनाची ओढही गेली. मागचा ब्रेक उजव्या पायाखाली आहे हे डोक्याला माहीत असतं, पायाला नसतं. ताशी ४० ला गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. हात चुकून सुधारेपर्यंत रिक्षा आलेली असते.

म्हणून "स्कूटर येते म्हणजे अर्धी बाईक आलीच" हे मला पटत नाही. तोल आणि रहदारीचा अंदाज येतो, कबूल. पण थांबणं नव्याने शिकावं लागतं, आणि ते मोकळ्या मैदानात: सरळ रेषेत २० चा वेग, पुढचा ब्रेक हळूहळू आवळत नेणं, सोबत पाय, क्लच अगदी शेवटी. हे अंगात मुरलं की वेग वाढवायचा. पुढचा ब्रेक "पाडतो" म्हणून त्याला हात न लावणारे उस्ताद भेटतील, त्यांचं ऐकू नका. थांबवण्याचं बहुतेक काम पुढचाच करतो. पाडतो तो हँडल वळलेलं असताना किंवा वाळूवर एकदम आवळला तर. हा सराव ज्या कोर्समध्ये नाही, तो माझ्या मते आठ काढायचा क्लास आहे, फी कितीही असो. चौकशीला जाल तेव्हा दोनच गोष्टी विचारा: कुठल्या गाडीवर शिकवणार, आणि जोरात ब्रेक मारायचा सराव कुठे घेणार. उत्तरात "मॅडम, घाबरू नका" आलं की तिथून निघा.

बुलेटचं म्हणाल, तर घ्या, पण नंतर. रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० भरते १९५ किलो, स्प्लेंडर ११२ च्या आसपास. शिकताना गाडी जागच्या जागी आडवी होतेच, आणि ती उचलायची तुम्हालाच आहे.

पाम बीच रोडवर सकाळी सराव करू का, असंही विचारलंय. नको. रस्ता सरळ आणि रुंद आहे, म्हणूनच तिथे गाड्या सुसाट येतात आणि वीसच्या वेगाने चालणारं कुणी त्यांच्या हिशोबात नसतं. सेक्टरमधले आतले रस्ते रविवारी सकाळी बरे.

पावसाचं: कोर्स पावसाळ्यात करायला हरकत नाही, उलट ओल्यात ब्रेक कसा लागतो ते मास्तर सोबत असताना कळलेलं बरं. फक्त पहिल्या सरीचे दोन-चार दिवस टाळा. तेव्हा रस्त्यावरचं तेल वर येतं आणि झेब्राचे पांढरे पट्टे, कामाच्या ठिकाणी टाकलेल्या लोखंडी प्लेटा साबणासारख्या होतात. लर्निंग ६ महिने चालतं, त्यामुळे जूनमध्ये काढलंत तरी टेस्ट दिवाळीच्या सुमाराला देता येईल. तारीख तेवढी मोजून ठेवा.